पालथा कप

कप पालथा घातला की पाणी सोडायचं नाही. एवढंच. यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणी कधी लिहून ठेवलं नाही.

शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये मी एकतीस वर्षं काढली. त्या खोलीला सगळे डेस्क म्हणायचे. चार टेबलं, चार कॉम्प्युटर, एक काळा फोन आणि खिडकीपाशी मास्तरांची खुर्ची. मास्तर म्हणजे आमचे मुख्य. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलं नव्हतं, पण चुकलेल्याचा कान पकडायची भारी हौस. शहरातले सगळे पंप आणि मोठे व्हॉल्व्ह आमच्या बटणांवर चालायचे. इथे बटण दाबायचं, तिकडे दहा किलोमीटरवर पाणी सुटायचं. आणि त्याच पाइपांमध्ये, माणूस वाकून चालेल एवढ्या मोठ्या पाइपांमध्ये, आमचे फिटर दुरुस्तीला उतरायचे. माझा सख्खा धाकटा भाऊ त्यांतलाच एक. आईचा विरोध असताना मीच त्याला या कामाला चिकटवलं होतं.

उतरण्याआधी फिटरने काळ्या फोनवर सांगायचं, "आत चाललोय, सहा नंबर." जो फोन घेईल त्याने आपला चहाचा कप टेबलावर पालथा घालायचा आणि म्हणायचं, "पालथा घातला. जा." बाहेर आल्याचा फोन येईपर्यंत कप तसाच. ज्याने घातला त्यानेच सरळ करायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. खोलीत कुठेही पालथा कप दिसला की बटणाकडे हात नेण्याआधी मोठ्याने विचारायचं, "कोण आत?" कॉम्प्युटरवर खूण करायची सोय होतीच. पण मास्तर म्हणायचे, खूण विसरायला होतं, कप विसरायला होत नाही, कारण माणसाला चहाची तलफ येते.

मास्तरांच्या उमेदीच्या काळात एकदा माणूस आत असताना पाणी सुटलं होतं. बटण कुणाच्या बोटाखाली होतं हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ते फोन कधी "हॅलो" म्हणून उचलायचे नाहीत. पहिले शब्द ठरलेले, "कोण आत?" स्वतःच्या घरचा फोनसुद्धा तसाच उचलायचे, आणि त्यांची बायको कपाळाला हात लावायची.

मग वरून हुकूम निघाला की आता सगळ्यांनी घरून काम करायचं. बटणं काय, घरच्या कॉम्प्युटरवरूनही दाबता येतात. खोलीला कुलूप लागलं. तिचं पुढे काय करायचं ते कुणाचं ठरेना, म्हणून टेबलंखुर्च्या तशाच राहिल्या. मी सगळ्यांत शेवटी बाहेर पडले, त्यामुळे किल्ली माझ्याचकडे राहिली आणि ती कुणी मागितलीही नाही. त्याच महिन्यात मास्तर निवृत्त झाले. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा त्यांचं एकच पालुपद.

"फोन कोण उचलतं गं?"

"मास्तर, नंबर वळवलाय. ज्याची पाळी असेल त्याच्या मोबाइलवर वाजतो."

"आणि खोलीत कोण असतं?"

"कोणी नसतं. कशाला असेल?"

ते हातातला कप फिरवत राहायचे. तिसऱ्या महिन्यात गेले बिचारे.

इकडे माझी रवानगी झोपायच्या खोलीत, कपाटाशेजारी. सूनबाई म्हणाली, "आई, मागे वाळत घातलेलं सगळं कॅमेऱ्यात दिसतं." मी म्हटलं, दिसू दे, त्यांनाही कळू दे की या घरात कपडे धुतात. पण खरं सांगते, पहिल्या आठवड्यातच जीव घुसमटला. खोलीत असताना मी अर्धं काम कानांनी करायची. पलीकडच्या टेबलावर कुणी नुसतं "च्यायला" म्हटलं तरी मला कळायचं की तीन नंबरचा पंप पुन्हा रुसलाय. तो पंप सुरू करताना आधी पाच मिनिटं अर्ध्यावर ठेवावा लागतो, हे मला कुणी शिकवलं नाही, मी ते ऐकलं. आता काय ऐकणार? शेजाऱ्यांचा कुकर!

आमचे छोटे साहेब हुशार. मास्तरांच्या जागी आलेले, वय माझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी कमी. त्यांनी एक फोल्डर उघडलं आणि सांगितलं, ज्याला जे ठाऊक आहे ते त्यात लिहा, म्हणजे ज्ञान सगळ्यांचं होईल. मला आवडली कल्पना. रविवार घालवून मी चार पानं लिहिली, हाताने. पंपाचं रुसणं लिहिलं, पाच नंबरचा उलटा फिरणारा व्हॉल्व्ह लिहिला, आणि शेवटच्या पानावर कपाची रीत, अगदी मास्तरांच्या शब्दांत. फोटो काढून पाठवले. उत्तरादाखल एक अंगठा आला आणि खाली एक ओळ, "छान. कृपया प्रत्येक मुद्दा दोनशे अक्षरांत टाइप करून टाका."

एकतीस वर्षं, दोनशे अक्षरांत! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ती पानं ड्रॉवरमध्ये टाकली आणि ठरवलं, आता कुणी विचारलं तरी तोंड उघडायचं नाही.

आणि विचारलं ना. तीन आठवड्यांपूर्वी डेस्कवर एक मुलगी नव्याने लागली. मी तिला नवीच म्हणते. तिला मी अजून पाहिलेलं नव्हतं. मीटिंगच्या चौकोनात एक कपाळ आणि चष्मा दिसायचा तेवढाच. कॉम्प्युटरवर माझं नाव 'डेस्क दोन' असं येतं, त्यामुळे तिच्या लेखी मी डेस्क दोन. तिने मला एकटीला लिहिलं, "मॅडम, फोल्डर पूर्ण वाचलं. त्यात नसलेलं असं काही आहे का, जे मला माहीत असायला हवं?"

किती नेमकं विचारलं पोरीने. मी दोन मिनिटं त्या ओळीकडे बघत बसले. मग लिहिलं, "सगळं फोल्डरमध्ये आहे."

त्यानंतर दहा दिवसांनी छोट्या साहेबांनी मीटिंग बोलावली. आता फिटरने उतरण्याआधी मोबाइलवरच्या ॲपमध्ये नोंद करायची असते, आणि महिन्याभरात तीन वेळा फिटर ती न करता पाइपात उतरले होते. तिसऱ्या वेळी तर नवीने वेळापत्रकाप्रमाणे चार नंबर उघडला तेव्हा पहिलवान शिडीच्या शेवटच्या पायरीवर होता. पहिलवान म्हणजे आमचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत जाडा फिटर. पोटरीपर्यंत पाणी लागलं त्याला. आणखी दोन मिनिटं आत असता तर वाचला नसता. साहेबांनी त्यालाही मीटिंगमध्ये घेतलं होतं, आणि त्याचा आवाज नुसता फुटत होता.

"डेस्कला सांगून उतरलो मी! नेहमीच्या नंबरवर!"

"माझा फोन वाजलाच नाही," नवी म्हणाली. "मी दिवसभर हातात घेऊन बसले होते."

"मग 'पालथा घातला, जा' असं मला कोण म्हणालं? माझा आजा?"

चौकोनांमधले सगळे हसले. कुणाला त्या शब्दांचा अर्थच माहीत नव्हता. साहेब म्हणाले, "काय पालथं घातलं?" मी कॅमेरा बंद केला.

मीटिंग संपल्यावर पहिलवानाला फोन लावला. म्हटलं, "आवाज कुणाचा होता रे?"

"पुरुषाचा. मावशी, जाऊ द्या. तुम्ही हसाल."

"मी हसत नाहीये."

"मग तुम्हाला कळलंय कुणाचा ते," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. डेस्कवरचे आणि फिटर, सगळे जुने लोक मला मावशीच म्हणतात.

दुपारी तीनला, घरात कुणी नसताना, मी स्वतः डेस्कचा नंबर फिरवला. नवीच्या मोबाइलवर वाजायला हवा होता. चार वेळा रिंग गेली आणि उचलला गेला. आधी कुणी बोललं नाही. मला खोली ऐकू आली. खिडकीचं तावदान सैल होतं, वारा आला की ते दोनदा वाजायचं, टक-टक. ते वाजलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू आला. आणि मग अगदी कानापाशी, दमलेल्या आवाजात, "कोण आत?"

मी फोन पलंगावर फेकून दिला. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की नंबर कधी वळवलाच नव्हता. छोट्या साहेबांनी तसा अर्ज केला होता, आणि अर्ज केला म्हणजे काम झालं असं धरून चालले होते. माझ्या पाळीत फोन वाजला नाही तर मी समजायची, आज कुणी उतरलं नाही. महिनोन्महिने जुने फिटर त्या बंद खोलीत फोन करत होते. कुणीतरी तो उचलत होतं, हो म्हणत होतं. कप पालथा पडतही असेल. पण बघायला कोण होतं तिथे? आम्ही सगळे आपापल्या घरी, समोर स्वच्छ स्क्रीन, बोट बटणावर.

माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा आला तो माझा भाऊ. आमचा धाकटा तर ॲपचं नावही काढू देत नाही. त्याच संध्याकाळी त्याला फोन केला.

"उद्यापासून डेस्कला फोन करू नकोस. ॲपमध्ये भर आणि हिरवी खूण आल्याशिवाय उतरू नकोस."

"का गं ताई? साहेबांच्या पार्टीत गेलीस की काय?"

"सांगते तेवढं कर."

"अगं, ॲप म्हणजे आधी हातमोजे काढा, मग चष्मा शोधा, मग रेंज शोधा. त्यापेक्षा एक माणूस फोनवर जा म्हणतो, मला तेवढं पुरतं."

"तो माणूस..." मी म्हटलं, आणि पुढे काय म्हणू? मास्तर आहेत म्हणून सांगू? तो म्हणाला असता, ताईला घरात बसून बसून भास होतात. सूनबाईने डॉक्टर शोधला असता. आणि साहेबांना हे दोनशे अक्षरांत कसं कळवायचं? मी गप्प बसले. आता कबूलच करायचं तर सगळं करते: मनात कुठेतरी बरंही वाटत होतं. घ्या, म्हटलं, चार पानं वाचायला वेळ नव्हता ना? असं वाटलं मला, माझा सख्खा भाऊ त्या पाइपांत उतरत असताना. मला माझीच लाज वाटते.

दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी रजा टाकली, किल्ली पर्समध्ये घातली आणि सकाळीच डेस्कवर गेले. आधी डोळ्यांनी बघायचं, मग कुणाला काय सांगायचं ते सांगायचं, असं ठरवलं होतं.

तिसरा मजला, लांब बोळ, वरच्या अर्ध्या भागाला काच असलेलं दार. कुलूप कुरकुरत उघडलं. आत तीन टेबलांवर बोटभर धूळ. कॉम्प्युटरच्या वायरी उपटून गुंडाळून ठेवलेल्या. कॅलेंडर आम्ही गेलो त्याच महिन्यावर. फळीवर आमचे कप ओळीने, माझा फुलाफुलांचा, त्यातही धूळ. चौथ्या टेबलावर, मास्तरांच्या, धुळीचा कण नव्हता. काळा फोन, आणि शेजारी त्यांचा कानतुटका तपकिरी कप. सरळ ठेवलेला. खुर्ची थोडी मागे सरकवलेली, आत्ताच कुणी खिडकी बघायला उठल्यासारखी. तावदान वाजलं, टक-टक.

मी तिथे उभी राहून मोठ्याने म्हटलं, "मास्तर, पुरे आता." माझाच आवाज मला बारीक वाटला.

आणि फोन वाजला. एकतीस वर्षांची सवय, हाताने विचार केलाच नाही. मी रिसीव्हर कानाला लावला.

"डेस्क? आत चाललोय. नऊ नंबर. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे."

धाकटा होता. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत, त्याच रिसीव्हरमध्ये, माझ्या आणि त्याच्या मध्ये कुठेतरी, तो दमलेला आवाज म्हणाला, "पालथा घातला. जा."

"थांब! अरे थांब, मी ताई बोलतेय!" मी ओरडले. फोन बंद झाला होता. मी मान वळवली. तपकिरी कप पालथा होता.

कपाकडे बघत बसायला वेळ नव्हता. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती, आणि नऊ नंबर साडेअकराला उघडतो. रोज उघडतो. शहराच्या वरच्या भागाचं पाणी त्यावर आहे, ते वेळापत्रक मला झोपेत विचारा. पाळी नवीची होती. धाकट्याला फोन लावला. चेंबरमध्ये उतरलेल्या माणसाला रेंज कुठली? नवीला लावला. बाईच्या गोड आवाजात उत्तर आलं की ही व्यक्ती सध्या शांत तासात आहे.

शांत तास! तेही साहेबांचंच डोकं. अकरा ते बारा कुणी कुणाला फोन करायचा नाही, संदेश धाडायचे नाहीत, लक्ष लागलं पाहिजे म्हणून. सगळे संदेश बारापर्यंत अडवून ठेवतात आणि मग एकदम सोडतात. मी ग्रुपवर लिहिलं, "नऊ उघडू नका, माणूस आत आहे," आणि त्याच्याखाली करड्या अक्षरांत आलं, बारा वाजता पोचेल. साहेबांना लावला, त्यांचाही शांत तास. पहिलवानाला लावला, तो दुसऱ्या कॉलवर. पुन्हा नवीला. सात वेळा, आठ वेळा. माझा कॉम्प्युटर घरी, रिक्षाने चाळीस मिनिटं. इथले सगळे मुके.

म्हटलं, तिच्या घरीच जाते, दार वाजवते. पण घर कुठे? ही पोरगी कुठे राहते, कुणाबरोबर राहते, तिचे वडील काय करतात, मला ओ की ठो माहीत नव्हतं. खोलीत असती तर पहिल्या आठवड्यात तिच्या आईच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं मला पाठ झालं असतं. समोरच्या टेबलावर असती तर मी नुसता हात धरला असता तिचा. नुसतं "ए" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

अकरा सत्तावीस. काळा फोन तरी बघू म्हणून रिसीव्हर उचलला. डायल टोन नव्हता. लाइन एंगेज. त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि फोन एंगेज होता. मी चार-पाच वेळा दांडी दाबली, आपटला, तरी तेच.

साडेअकरा झाले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकताना मी पाहिला. मी मटकन मास्तरांच्या खुर्चीत बसले. धाकटा लहानपणी पाण्याला भ्यायचा. मी त्याला धरून विहिरीच्या पायऱ्यांवर नेलं होतं, म्हटलं होतं, मी आहे ना. तेच आठवत राहिलं. त्याच्या बायकोला काय सांगू, हेही ठरवायला लागले होते मी. देवा, ते वाक्यसुद्धा जुळवायला लागले होते.

अकरा तेहतीसला माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

"तुम्ही मावशी का?" एका मुलीचा आवाज, धाप लागलेला.

"कोण? नवी? नऊ उघडलास का? आधी ते सांग!"

"नाही. नाही उघडला. बोट ठेवलं होतं बटणावर. तेवढ्यात फोन आला." ती रडत होती की काय कोण जाणे. "माझा फोन सायलेंटवर होता हो, शांत तास असतो ना. तरी वाजला. डेस्कचा नंबर दिसला. कुणी आजोबा होते. एकदम म्हणाले, कोण आत? मी म्हटलं, कोणी नाही, स्क्रीन रिकामी आहे. तर म्हणाले, मावशीला विचार. तिला सगळं माहीत आहे. आणि फोन ठेवला. मला मावशी कोण तेच माहीत नव्हतं! मी नऊ तसाच ठेवला आणि माझ्या घरच्या दुसऱ्या फोनवरून पहिलवानांना विचारलं, त्यांनी तुमचा नंबर दिला. मॅडम, डेस्क दोन म्हणजे तुम्हीच का?"

मला हुंदका आवरेना. तिला सगळं माहीत आहे! नवीन माणूस आला की मास्तर त्याला माझ्याकडे धाडायचे ते याच शब्दांत. मेल्यावरही त्यांनी तिला माझ्याकडेच धाडलं, आणि मी त्याच पोरीला लेखी कळवलं होतं की सगळं फोल्डरमध्ये आहे.

"ऐक," मी म्हटलं. "तुझ्या टेबलावर कप आहे?"

"आहे. त्यात चहा आहे."

"ओतून दे. कप पालथा घाल समोर, बटणांच्या पुढ्यात."

"का?"

"माझा धाकटा भाऊ नऊ नंबरमध्ये आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग चिनीमाती टेबलाला टेकल्याचा. "पालथा घातला," ती हळूच म्हणाली. तिला कुणी शिकवलं नव्हतं ते म्हणायला.

आम्ही दोघी फोन न ठेवता थांबलो. पाच मिनिटं झाली असतील. मी एकीकडे तिला सांगत होते, कप कुणी सरळ करायचा, कधी करायचा, कोण आत हे का विचारायचं. मग काळा फोन वाजला. मी उचलला.

"बाहेर आलो," धाकटा म्हणाला. "डेस्क? अहो, ऐकताय ना? बाहेर आलो. थोडा उशीर झाला, एक नट अडकला होता."

"ऐकलं रे माझ्या राजा," मी म्हटलं.

"ताई? तू काय करतेस तिथे?"

"घरी आलास की सांगते. आधी कोरडा हो." मग मोबाइलवर नवीला म्हटलं, "आला बाहेर. कर सरळ." तिने केला. मला आवाज ऐकू आला. ती म्हणाली, आता उघडते नऊ, आणि मी म्हटलं, उघड बाई, लोक बादल्या घेऊन बसलेत. फोन ठेवला.

मास्तरांचा कप पालथाच होता.

मी त्याच्याकडे बघत राहिले. ज्याने घातला त्याने सरळ करायचा, आणि माणूस बाहेर आला की लगेच करायचा. मास्तरांनी त्यात कधी अर्धं मिनिट लावलं नव्हतं. मग हा पालथा का? अजून कुणी आत आहे? पहिलवानाला फोन केला. तो म्हणाला, "नाही मावशी, आज एकटा धाकटाच उतरला होता. बाकी सगळे आम्ही इथे टेम्पोत बसलोय." मी डोकी मोजायला लावली. त्याने मोजली. सगळे होते.

कप पालथा. हात पुढे गेला माझा, पण लावला नाही. माझ्या हातचा नव्हता तो.

काळा फोन पुन्हा वाजला. या वेळी मी सवयीने नाही उचलला. मला माहीत होतं कोण आहे. तिसऱ्या रिंगला उचलला. तावदान वाजलं, टक-टक, आणि तेच रिसीव्हरमध्येही ऐकू आलं, दोन्हीकडे एकदम.

"कोण आत?"

मी त्या खोलीत उभी होते, आमच्या सगळ्यांच्या कपांसमोर, कुठल्या महिन्याचं ते कॅलेंडर, आणि पर्समध्ये कुणी न मागितलेली किल्ली.

"मी, मास्तर," मी म्हटलं. "मीच आहे. येते बाहेर."

मी रिसीव्हर ठेवला, फळीवरून माझा फुलाफुलांचा कप उचलला, पदराने पुसला आणि बाहेर पडले. कुलूप लावलं. मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलंच, दाराच्या काचेतून. खुर्ची टेबलाला लावलेली होती. तपकिरी कप सरळ होता.

जिना उतरता उतरता नवीला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला तिने.

"तुझ्या घरचा पत्ता सांग," मी म्हटलं.

"पत्ता? का हो मावशी? फोनवरच सांगा ना, मी लिहून घेते."

"नाही. मीच येते. तू फक्त बसायला दोन खुर्च्या काढ आणि चहा टाक. कप मी आणलाय."